छायाचित्रणाचा छोटा व्यवसाय : कॅमेऱ्याआधीचा हिशेब

आमच्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत शिक्षक, परिचारिका, पोलीस, लिपिक झालेल्यांची संख्या मोठी आहे. स्वतःचा धंदा उभा करणारे त्या मानाने थोडे. अलीकडे मात्र बारावीनंतर किंवा पदवीनंतर ‘फोटोग्राफीचा व्यवसाय करावा म्हणतो’ असे सांगणारे तरुण, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे तरुणीही, वरचेवर भेटू लागल्या आहेत. त्यांच्यामागोमाग पालक येतात आणि हलक्या आवाजात विचारतात, ‘गुरुजी, कॅमेऱ्यासाठी कर्ज काढावे का?’ या प्रश्नाचे उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही इतिहासाचे शिक्षक. कॅमेरा हे आमच्या पोटापाण्याचे साधन नव्हे. तथापि तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांशी झालेल्या दीर्घ बोलण्यातून आणि त्यांच्या जमाखर्चाच्या वह्यांतून जे समजले, ते येथे मांडीत आहोत. आमचे मत प्रारंभीच नोंदवितो : कर्ज काढून महागडा कॅमेरा घेणे ही या व्यवसायाची सर्वांत धोक्याची सुरुवात आहे.

थोडा इतिहास पाहणे येथे अस्थानी ठरू नये. छायाचित्रणाचा शोध १८३९ साली युरोपात जाहीर झाला आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. पण धंदा म्हणून या कलेकडे पाहावयाचे असेल तर राजा दीनदयाळ यांचे चरित्र अधिक बोलके आहे. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले हे गृहस्थ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस होते. १८७४च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्यानंतर कित्येक वर्षे नोकरी चालू होती आणि तिच्या जोडीला छायाचित्रण. कामे हाती आली, नावलौकिक झाला, तेव्हाच १८८०च्या दशकात त्यांनी नोकरीचा मार्ग सोडला. पुढे सिकंदराबाद व मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ झाले. १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ निघाला आणि तो एका युरोपीय बाईंच्या हाती सोपविला गेला. आपल्या गिऱ्हाइकाला कोठे संकोच वाटतो हे ओळखून त्यावर उपाय करणारा हा माणूस होता.

त्याच काळात कॅमेऱ्याचा दुसरा एक उपयोग चालू होता. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ सरकारने प्रसिद्ध केला. त्यात माणसांची छायाचित्रे आहेत आणि त्यांखाली बहुतेक ठिकाणी व्यक्तीच्या नावाऐवजी जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. ज्याचे चित्र घेतले त्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. गावोगावच्या स्टुडिओंनी हा व्यवहार उलटा केला. येथे माणूस स्वतः दाम मोजून येतो, आरशात भांग पाडतो, आपला चेहरा कसा दिसावा हे स्वतः सांगतो. हा फरक व्यवसाय करणाऱ्याने विसरू नये. त्याविषयी पुढे बोलू.

आता पैशाकडे वळू. छोट्या गावातील स्टुडिओ लग्नांवर चालतो, असा सार्वत्रिक समज आहे. वह्या वेगळे सांगतात. दुकानाचे भाडे आणि वीजबिल भरते ते रोजच्या किरकोळ कामांतून : ओळखपत्राच्या आकाराची छायाचित्रे, परीक्षेच्या ऑनलाइन अर्जासाठी लागणारी छायाचित्र-स्वाक्षरीची फाइल, जुन्या फोटोची दुरुस्ती, दिवंगतांच्या फोटोची मोठी प्रत व फ्रेम. या किरकोळ कामांनाही शासनाच्या निर्णयांमुळे भरती-ओहोटी येते. १९९३ साली मतदार ओळखपत्रांची योजना आली आणि प्रत्येक प्रौढ माणसाच्या चेहऱ्याची गरज एकाएकी निर्माण झाली. उलट २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून आधार क्रमांकाचे वाटप सुरू झाले, तेव्हा छायाचित्र नोंदणी केंद्रावरच घेतले जाऊ लागले. पासपोर्टचेही तेच. प्रौढ अर्जदाराचे छायाचित्र आज पासपोर्ट सेवा केंद्रातच घेतात. चार वर्षांखालील बालकाचे तेवढे छापील न्यावे लागते. म्हणजे ‘पासपोर्ट साइज’ हे नाव राहिले, पासपोर्टशी असलेले नाते जवळपास संपले!

तरीही हे काम बंद पडलेले नाही. शाळा-महाविद्यालयांचे प्रवेशअर्ज, बँकेची खाती, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, नोकरभरती यांना छायाचित्र लागतेच. आपल्याकडे रूढ आकार ३५ × ४५ मिलिमीटर. पॅनकार्डाच्या अर्जाला २५ × ३५ मिलिमीटरचे लागते, अमेरिकेच्या व्हिसासाठी २ × २ इंचाचे. चार बाय सहा इंची कागदावर ३५ × ४५च्या आठ प्रती नेमक्या बसतात, म्हणून ‘आठची कॉपी’ हे या धंद्याचे एकक झाले आहे. बँक भरतीच्या अर्जात छायाचित्राची फाइल २० ते ५० केबी आणि स्वाक्षरीची १० ते २० केबी अशी मर्यादा असते. उमेदवार घाईत असतो, अर्जाची मुदत त्याच रात्री संपणार असते. अशा वेळी पाच मिनिटांत नेमक्या मापाची फाइल करून देणाऱ्याकडे तो पुन्हा येतो आणि मित्रांनाही पाठवितो.

एक उदाहरणादाखल हिशेब मांडू. यातील आकडे गृहीत आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा करावा. आठ प्रतींचे ८० रुपये, कागद-शाईचा खर्च १२ रुपये, उरले ६८. दिवसाला १२ गिऱ्हाइके आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर २०,४०० रुपये होतात. त्यातून गाळ्याचे भाडे ५,०००, वीज १,५०० आणि इंटरनेट-किरकोळ ५०० वजा जाता १३,४०० उरतात. आता समजा, दीड लाखाचा कॅमेरा १२ टक्के व्याजाने तीन वर्षांच्या मुदतीवर घेतला. मासिक हप्ता जवळजवळ ५,००० रुपये. हाती राहिले ८,४००. हे झाले १२ गिऱ्हाइकांचे चित्र. नव्या दुकानाला पहिल्या सहा महिन्यांत सहा मिळाली तरी नशीब म्हणावयाचे. सहा धरली तर ढोबळ शिल्लक १०,२००. दुकानखर्च जाता ३,२००. आणि हप्ता तर ५,०००. महिन्याला १,८०० रुपये घरातून घालावे लागतील, आणि स्वतःच्या कष्टाचा एक पैसाही यात धरलेला नाही. दुसरी गोष्ट अशी की, ओळखपत्राच्या छायाचित्रासाठी दीड लाखाचा कॅमेरा लागतच नाही. चांगल्या स्थितीतील जुना कॅमेरा, दोन दिवे, पांढरा पडदा, संगणक आणि फोटो छापणारा प्रिंटर एवढ्यावर हे काम उत्तम होते.

जुना कॅमेरा घेताना त्याचे ‘शटर काउंट’ विचारावे. मोटारगाडीचे किती किलोमीटर झाले हे पाहतात, तसेच हे. बहुतेक साधारण कॅमेऱ्यांचे शटर एक ते दोन लाख वेळा उघडझाप करील असे धरतात. कॅमेऱ्यापेक्षा भिंगाला अधिक पैसे द्यावेत, हा जाणत्यांचा सल्ला आम्हांला पटतो, कारण कॅमेरे दर चार वर्षांनी बदलतात आणि चांगले भिंग पंधरा वर्षे पुरते. लग्नाच्या ऑर्डरीला लागणारे मोठे भिंग, जादा फ्लॅश किंवा ड्रोन ही साधने जिल्ह्याच्या ठिकाणी दिवसाच्या भाड्याने मिळतात. ड्रोनच्या बाबतीत आणखी एक : २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवावयाचा तर २०२१च्या नियमांनुसार रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. ‘कोण पाहतो’ म्हणून लग्नमंडपावर ड्रोन फिरविणाऱ्यांची उणीव नाही, पण तो कोणाच्या डोक्यावर पडला तर सर्व जण पाहतात.

लग्नाच्या ऑर्डरीत मात्र रक्कम एकदम मोठी दिसते आणि तेथेच फसगत होते. समजा, हळद व लग्न मिळून ३०,००० रुपये ठरले. दुसऱ्या छायाचित्रकाराचे ५,०००, अल्बमच्या छपाईचे ६,०००, अल्बमची मांडणी करून देणाऱ्याचे ३,०००, प्रवास १,५००, पेनड्राइव्ह-हार्डडिस्कचे १,००० असे १६,५०० वजा केले. ३,००० छायाचित्रे काढली म्हणजे दीड लाख आयुष्याच्या शटरचा पन्नासावा भाग झिजला; कॅमेरा लाखाचा असेल तर ते २,००० रुपये झाले. ही झीज कोणी वहीत लिहीत नाही. उरले ११,५००. दोन दिवसांचे चोवीस तास, निवड व रंगदुरुस्तीचे पंचवीस, घरच्यांशी बसून फोटो ठरविण्याचे आठ, लॅबच्या खेपांचे तीन, असे साठ तास. म्हणजे तासाला सुमारे १९० रुपये. बरे आहेत. पण शेजारच्या आळीतील कोणी २०,००० मागितले म्हणून आपणही तेवढ्यावर आलो, तर शिल्लक १,५०० आणि तासाला २५ रुपये. दर कमी करताना आपण कापतो ती केवळ स्वतःची मजुरी असते. लॅबवाला एक रुपयाही सोडीत नाही.

शिवाय हा हंगामी धंदा. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते आणि जूनच्या पावसाबरोबर ओसरते. बौद्ध विवाहाला मुहूर्ताची अट नाही, त्यामुळे पावसाळ्यातही कामे यावीत असे वाटेल. प्रत्यक्षात आपली लग्नेही मुलांच्या सुट्ट्या, शेतीची उसंत आणि रविवार पाहूनच होतात. हप्ता बारा महिन्यांचा आणि उत्पन्न सात महिन्यांचे, ही गाठ कर्ज घेण्याआधीच सोडवून ठेवावी. सराईतील प्रत्येक ऑर्डरीतून ठरावीक रक्कम पावसाळ्यासाठी वेगळ्या खात्यात टाकणे, हा एक सरळ मार्ग आम्ही पाहिला आहे.

येथे एक नाजूक विषय. समाजातील छायाचित्रकाराला १४ एप्रिलची मिरवणूक, वर्षावासाचा समारोप, विहारातील कार्यक्रम यांची छायाचित्रे ‘आपलेच काम’ म्हणून विनामूल्य काढण्यास सांगतात. त्याने नाही म्हटले तर तो समाजापासून तुटला असे बोलले जाते. हे योग्य नव्हे. त्याने दान जरूर द्यावे, परंतु ते दान आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असावे : दर सांगावा, बिल करावे आणि जेवढे सोडावयाचे तेवढे बिलावर लिहून सोडावे. मंडप व ध्वनिक्षेपक यांचे पैसे वेळेवर देणाऱ्या समितीला छायाचित्रकाराचेच तेवढे जड जाऊ नयेत.

ऑर्डर घेताना लेखी कागद करावा. एक पान पुरे. तारीख, वेळ, स्थळ, किती जण येणार, किती पानांचा अल्बम, विसार किती, उरलेली रक्कम केव्हा, लग्न पुढे गेले तर काय, आणि अल्बम किती दिवसांत. बहुतेक तंटे या शेवटच्या बाबीवरून होतात. कायद्याचीही एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, एखाद्याने मोबदला देऊन सांगितल्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो मोबदला देणारा असतो. निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात असे, त्यामुळे ‘फोटो आमचा’ अशी स्टुडिओवाल्यांची भावना झाली. कायदा तसे म्हणत नाही. तेव्हा एखाद्या नवरीचे छायाचित्र दर्शनी काचेत किंवा समाजमाध्यमांवर जाहिरातीसाठी लावावयाचे असेल तर त्याच कागदावर परवानगीची ओळ असावी आणि ती परवानगी मुलीकडून घ्यावी, केवळ तिच्या वडिलांकडून नव्हे. कायदा नसता तरी आम्ही हेच सांगितले असते.

आता चेहऱ्याविषयी. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी नमुन्याचे छायाचित्र पाठवीत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. पहिल्या स्त्रीच्या नावावरून ते ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखले जाई. त्या त्वचेवर रंग जुळला की यंत्र बरोबर, असे मानले जाई. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड १९९०च्या दशकात आले. सावळ्या माणसाचा फोटो काळाकुट्ट येतो याचा दोष तोवर त्या माणसाच्या कातडीला दिला गेला. साधनाची घडण कोणी तपासली नाही. आमच्या मते इतिहासाच्या वर्गातही शिकवावा असा हा प्रसंग आहे.

डिजिटल कॅमेऱ्यातही एक अडचण उरतेच, आणि ती आपल्या घरच्या कार्यात हमखास येते. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते. वधूवर शुभ्र वस्त्रांत, मागे पांढरा पडदा, समोर मेणबत्त्या. एवढा पांढरा रंग पाहून कॅमेरा प्रकाश कमी करतो. वस्त्रे करडी येतात आणि सावळे चेहरे अंधारात जातात. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याला एक्स्पोजरची भरपाई दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवून द्यावी, किंवा चेहऱ्यावरच माप घ्यावे. फ्लॅश थेट तोंडावर न मारता पांढऱ्या छतावर मारून परतवावा. छत लाल-हिरव्या कापडाचे असेल तर परतवू नये, नाहीतर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. घामाची चकाकी रुमालाने टिपून घेतली तर संगणकावरचे अर्ध्या तासाचे काम वाचते.

याउलट ‘गोरे करून द्या’ ही मागणी. प्रत्येक स्टुडिओत ती दिवसातून चार वेळा ऐकू येते, आणि काही ठिकाणी न मागताही पुरवली जाते. ओळखपत्राच्या छायाचित्रात असा फेरफार करू नये, कारण चेहरा ओळखू येणे हेच त्याचे काम. स्थळासाठी काढलेल्या फोटोत मुलीचा वर्ण बदलून देणे तर आम्हांला सरळ अन्याय वाटतो. गिऱ्हाइकाला उपदेश करण्याची गरज नाही. योग्य प्रकाशात काढलेला फोटो आधी दाखवावा. आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा अनुभव असा की, नीट उजेडात स्वतःचा खरा रंग पाहिल्यावर बहुतेक मुली दुसरा फोटो मागत नाहीत. मागतात त्या बहुधा बरोबर आलेल्या मावशी! तिच्या स्टुडिओत पडद्याआड आरसा, साडी नेसण्यापुरती जागा आणि आतून कडी आहे. पंचक्रोशीतील बायका तिच्याकडे का येतात, हे वेगळे सांगावयास नको.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून ऑनलाइन व विनाशुल्क आहे; त्यासाठी कोणाही दलालाला पैसे देऊ नयेत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. कर्ज घ्यावेच लागले तर मुद्रा योजनेतील ५० हजारांपर्यंतचा ‘शिशु’ गट प्रिंटर व दिवे यांना पुरतो आणि त्यास तारण लागत नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या अनुदान व बीजभांडवल योजना आहेत. जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन चालू अटी विचाराव्यात. अनुदान मिळते म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प अहवाल करू नये. अनुदानाबाहेरची रक्कम व्याजासह आपणच फेडावयाची असते.

उरला प्रश्न पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांचा. त्या दिवसांत जुन्या छायाचित्रांचे काम घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. आपल्या वस्त्यांतील घराघरांत पत्र्याच्या पेटीत आजोबांचा एकच फोटो असतो : गिरणीच्या पासावरचा, एखाद्या परिषदेच्या समूहचित्रातला, पाण्याने एका कोपऱ्यात गेलेला. दुसरी प्रत कोठेच नसते. असा फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करावा किंवा तिरप्या उजेडात कॅमेऱ्याने टिपावा. लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा म्हणजे मोठी प्रत निघते. दुरुस्ती करताना फाटलेला भाग जोडावा, पण नसलेला कोट आणि टाय चढवू नये. फाइलीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक दुकानाबाहेर, घरी. फाइलीला माणसाचे नाव, गाव आणि अंदाजे साल द्यावे. समूहचित्र असेल तर घरातील वडीलधाऱ्यांना समोर बसवून डावीकडून एकेक नाव विचारून लिहून घ्यावे. फोटोच्या मागे पेनाने लिहू नये, शाई पुढच्या बाजूला फुटते. लिहावयाचेच तर मऊ पेन्सिलीने, अगदी कडेला. आणि मूळ फोटो त्याच दिवशी, शक्य तर गिऱ्हाइक समोर बसलेले असतानाच स्कॅन करून, त्याच्या हाती परत द्यावा.